देण्याघेण्याची ट्रंक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संध्याकाळी साडेसहा-सातची वेळ. देवापाशी दिवा लावून झालेला असतो, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असते आणि दारावरची बेल वाजते. दारात मामेसासूबाई उभ्या. त्यांच्या मागे नवी कोरी साडी नेसलेली त्यांची नवी सून. "मिरजेला दवाखान्यात आलो होतो, म्हटलं जाता जाता हिला तुमचं घर दाखवावं." चहा होतो, पोहे होतात, लग्नात कोण कोण आलं नाही याची उजळणी होते. मग मामेसासूबाई पर्स सावरतात आणि आपण म्हणतो, "थांबा हं, कुंकू लावते."

असं म्हणून आपण आतल्या खोलीत जातो. तिथून हळदीकुंकवाचा करंडा, नारळ आणि खण घेऊन बाहेर येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. बाहेर बसलेल्यांना फक्त कपाटाची कडी वाजल्याचं ऐकू येतं. मला आज त्या दोन-तीन मिनिटांविषयी बोलायचं आहे.

सून पहिल्यांदाच घरी आलेली. तिला मोकळ्या ओटीनं पाठवायचं नाही हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं, पण ठाऊक असतं. आणि पाहुण्यांना सोफ्यावर बसवून कुणी दुकानात जात नाही. तसं गेलं तर ते देणं राहत नाही, धावपळ होते. आणि पाहुणेही "अहो कशाला, कशाला" म्हणत निम्म्या वाटेत चपला घालतात. म्हणजे वस्तू घरातच हवी. कुणासाठी ते ठरायच्या आधीच आणून ठेवलेली हवी.

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. मधे शंभर-सव्वाशे किलोमीटर असले तरी या बाबतीत दोन्हीकडची रीत एकच. तसे हे दोन जिल्हे एकमेकांचे जुने भाऊबंदच. जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत अशी संस्थानं एकत्र करून १९४९ साली नवा जिल्हा झाला, आणि १९६० पर्यंत त्याचं नावही 'दक्षिण सातारा' असंच होतं. नकाशावर रेघ आली म्हणून ओटीत काही फरक पडला नाही.

साताऱ्याच्या घरी माजघरात, आईच्या कॉटखाली एक काळी पत्र्याची ट्रंक असे. तिच्यावर जुनी सोलापुरी चादर पसरलेली. आम्ही भावंडं तिला 'देण्याघेण्याची ट्रंक' म्हणायचो. तिला कुलूप नव्हतं, पण हात लावायची आमची टाप नव्हती. उघडली की डांबरगोळ्यांचा आणि कोऱ्या कापडाचा मिळून एक वास येई. त्या वासाबरोबर कुणीतरी पाहुणे आले आहेत आणि आज काहीतरी गोड होणार, एवढं आम्हाला कळत असे.

त्यात काय असायचं? सगळ्यात वर खण. आज ज्याला आपण सर्रास ब्लाउजपीस म्हणतो ते नव्हे; खरा खण, दोन्ही बाजूंना काठ असलेला, बारीक बुट्ट्यांचा, दुकानातूनच त्रिकोणी घडी घालून मिळणारा. हा खण आपल्याकडे मुख्यतः कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येतो. इरकल साडीचा आणि या खणाचा जन्माचा जोडा. देवीला ओटीत जायचा तो हाच, आणि घरच्या लेकीसुनांना चोळीसाठी मिळायचा तोही हाच. पुढे चोळी जाऊन ब्लाउज आला. टू बाय टू, रुबिया अशी कापडं आली, साडीला मॅचिंग लागायला लागलं. तेव्हा खणाच्या जागी ऐंशी सेंटिमीटरचा किंवा मीटरभराचा साधा तुकडा आला. पण बायकांनी त्यालाही खणच म्हणणं सुरू ठेवलं. ओटीत पडलं की तो खण, शिंप्याकडे गेला की ब्लाउजपीस.

खणांच्या खाली चार-सहा साड्या. त्याखाली पुरुषांचं, म्हणजे टॉवेल आणि टोपी. आपल्या भागात टॉवेल-टोपीला मोठा मान. वास्तुशांत असो, जत्रेला आलेले पाहुणे असोत, निवृत्त होणारे गुरुजी असोत, नाहीतर लेकीला न्यायला आलेला जावई असो. बाईला साडीचोळी तसं पुरुषाला टॉवेल-टोपी. टॉवेल वापरला जातो. टोपीचं मात्र अवघड आहे. गांधी टोपी रोज घालणारी पिढी मागे पडत गेली, पण मान करायचा तर टोपी हवीच. त्यामुळे घेणारा ती क्षणभर डोक्यावर ठेवतो, फोटो होतो आणि टोपी घडी घालून त्याच्या घरच्या ट्रंकेत जाते. माझा असा अंदाज आहे की आपल्याकडे सर्वांत जास्त प्रवास जर कुठल्या वस्तूनं केला असेल तर तो या टोपीनं.

आणि तळाशी, एका जुन्या धोतराच्या फडक्यात वेगळं बांधलेलं, दुखवट्याचं कापड. ज्या घरी मृत्यू झाला तिथे भेटायला जाताना नातेवाईक कापड नेतात. मुलाला टोपी, टॉवेल, बायकांना साडी. अशा वेळी आलेलं कापड शुभकार्यात द्यायचं नाही आणि शुभकार्यात आलेलं दुखवट्याला न्यायचं नाही, हा नियम आईनं कधी मोडला नाही. मृत्यू सांगून येत नाही. निरोप आला की पहिली एस. टी. पकडून निघायचं असतं. त्यामुळे हे फडकं कधी मोकळं नसे.

पितळेच्या आणि पुढे स्टीलच्या छोट्या वस्तू मात्र ट्रंकेत मावत नसत, त्या फळीवर. वाट्या, तांब्याभांडं, एखादा डबा. त्यांची एक गंमत आहे. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत. पूर्वी ते टिंबाटिंबानं ठोकून घालत, नंतर विजेचं मशिन आलं आणि भांड्यांच्या दुकानाबाहेर त्याची ती दात शिवशिवणारी घरघर ऐकू यायला लागली. 'अमक्यांजकडून सप्रेम भेट', खाली तारीख. या नावामुळे काय होतं, तर ते भांडं जागेवर थांबतं. दुसऱ्याला देता येत नाही. जन्मभर आमटी वाढताना आपण कुणाच्या तरी लग्नाची तारीख वाचत राहतो. आई म्हणूनच फळीवरची भांडी बिननावाची घेऊन ठेवी. दुकानदार विचारायचा, "वहिनी, नाव घालायचं ना?" ती म्हणायची, "नको, तसंच द्या." नाव कुणाचं घालायचं ते तिलाही अजून माहीत नसे.

आता या ट्रंकेवर नेहमी एक आरोप होतो. आलेलंच पुढे सरकवायचं, यात कसलं आलंय प्रेम? हा आरोप मला अगदीच खोटा वाटत नाही, पण त्यात एक गोष्ट सुटते. ती सांगण्याआधी आमच्या घरी घडलेला एक किस्सा सांगते.

आई प्रत्येक कापडाच्या घडीत चिठ्ठी घालून ठेवत असे. कुणाकडून आलं, कधी आलं. ज्यांनी दिलं त्यांनाच ते परत जाऊ नये म्हणून. देताना चिठ्ठी काढून घ्यायची. एकदा गडबडीत ती राहिली. आणि राहिली ती नेमकी शेजारच्या काकूंना दिलेल्या खणात. चिठ्ठीवर आईच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'काकूंकडून, चैत्रगौर. रंग जाईल असं वाटतं.' दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चिठ्ठी घेऊन दारात. आईला धरणी ठाव देईना. काकू म्हणाल्या, "वहिनी, रंग जातो की नाही मला काय विचारता? मलाही तो कुणीतरी दिलेलाच होता!" त्यानंतर दोघी स्वयंपाकघरात बसून इतका वेळ हसत होत्या की दूध उतू गेलं.

त्या खणाचं काय झालं? काकूंना तो कुणी दिला असेल? त्यांना आधी कुणी? न शिवता तो किती घरं फिरून आला असेल?

अशा फिरणाऱ्या वस्तूंचा अभ्यास जगात फार गंभीरपणे झालेला आहे. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिले. त्यांनी १९२२ साली लिहिलेल्या पुस्तकात तिथल्या 'कुला' नावाच्या देवघेवीचं वर्णन आहे. लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं बेटाबेटांवरून फिरतात आणि पांढऱ्या शंखाची कडी उलट्या दिशेनं. लोक होड्या घालून, समुद्राचा धोका पत्करून त्या पोचवायला जातात. या वस्तू रोज कुणी वापरत नाही. आणि त्या कुणी कायमच्या ठेवूनही घेत नाही. काही काळ जवळ बाळगायच्या, मिरवायच्या आणि पुढच्या भिडूला द्यायच्या. ज्यानं अडवून ठेवली त्याची नाचक्की. पुढे १९२५ साली मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं अशा अनेक समाजांचा विचार करून भेटवस्तूंवर निबंध लिहिला. त्यानं म्हटलं की भेटीमागे तीन बंधनं असतात. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. तिन्हींपैकी एक जरी मोडलं तरी संबंध मोडतो.

आमच्या काकूंनी हे काही वाचलेलं नव्हतं. पण खण 'नको' म्हणता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. घेतला की आज ना उद्या आपणही द्यायचा, हेही माहीत होतं. तो रंग जाणारा खण चोळीसाठी नव्हताच. तो घराघरांतलं येणंजाणं चालू असल्याची पावती होता. पुढे सरकवलेल्या वस्तूत प्रेम नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तरीही आरोप पूर्ण खोटा नाही, असं मी का म्हणाले? कारण हे कळल्यावर बाजारानं काय केलं ते पाहा. कापडाच्या दुकानात जाऊन खण मागितले की पहिला प्रश्न येतो, "देण्याचे दाखवू का शिवायचे?" देण्याचे म्हणजे पातळ, आखूड, डझनानं बांधलेले. पाण्यात घातले तर बोळा होणारे. मापानं कुठल्याच अंगाला पुरायचे नाहीत. म्हणजे ते शिवले जाणारच नाहीत हे विणणाऱ्याला, विकणाऱ्याला, देणारीला आणि घेणारीला, सगळ्यांना आधीच ठाऊक. ज्या तुकड्याची निदान एखादीनं तरी कधीतरी चोळी शिवावी अशी शक्यता होती, तिथे ती शक्यताही काढून टाकली. टॉवेलचंही तेच. मानाचा टॉवेल म्हणून जे मिळतं त्यानं अंग पुसायला घेतलं तर पाणी फक्त इकडचं तिकडे होतं.

दुसरी वाईट बाजू याहून मोठी. घरची ट्रंक आपल्या खुशीनं भरणं वेगळं आणि मुलीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेल्या यादीबरहुकूम भरणं वेगळं. वीस मानाच्या साड्या, तीस टॉवेल-टोप्या, त्यातल्या पाच भारीतल्या. इथे 'मानपान' हा शब्द हुंड्याच्या अंगरख्यासारखा वापरला जातो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्याखाली १९८५ साली जे नियम झाले त्यांत लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायला सांगितलं आहे. कुणी दिलं, काय दिलं, साधारण किंमत किती. आपल्याकडे आहेराची वही घरोघरी असते, पण ती परतफेडीसाठी. कायद्यासाठी कुणी वही घातल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

या मानपानाला आपल्याच भागानं एकदा चांगला चाप लावला होता. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा गावोगाव हुंड्याशिवायची, अगदी थोड्या खर्चाची लग्नं लावली गेली. लोक त्यांना गांधी विवाह म्हणत. माझ्या आत्याचं लग्न तसंच झालं. बँड नाही, पंगती नाहीत, आहेर नाही. आत्या अभिमानानं सांगायची. फक्त शेवटी हळूच पुस्ती जोडायची, "निघताना आमच्या आईनं खण-नारळ तेवढा घातला हं ओटीत. तो कुणी मोजला नाही." आजही पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नयेत' असं छापतात आणि आतल्या खोलीत खण-नारळ चालूच असतात. आहेर हिशेबाचा असतो म्हणून बंद करता येतो. निरोपाचा खण त्यात कुणी धरतच नाही.

इथपर्यंत सगळं गोडच झालं. आता जरा वेगळं सांगते.

माझे वडील १९८९ साली गेले. आई तेव्हा पंचावन्नची होती. दिवसकार्य झालं, दुखवट्याच्या साड्या आल्या, त्या तिनं स्वतःच फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या. ट्रंक तिचीच राहिली. दरवर्षी आषाढात सेल लागला की ती जाऊन खण आणायची. संक्रांतीच्या वाणाला काय लुटायचं ते ठरवायची. कुणाकडे बारसं आहे, कुणाची मुलगी पहिल्यांदा माहेरी आली आहे, हे तिच्याच डोक्यात असायचं. फक्त बाहेरच्या खोलीत करंडा घेऊन जायचा तो माझ्या काकूनं, नाहीतर वहिनीनं. आई आतून खण आणून द्यायची आणि माजघराच्या दाराशी उभी राहायची.

माझ्या मुलीच्या बारशाला घरात अकरा बायका होत्या. आईनं ट्रंकेतून अकरा खण काढून माझ्या भावजयीच्या हातात दिले. ते बरोबर पुरले. ती स्वतःला मोजत नव्हती. मला ते दिसलं, आणि मी काही बोलले नाही. तेव्हा मी शिकलेली, नोकरी करणारी बाई होते. मॅलिनोव्स्कीही वाचलेला होता. मॉसनं सांगितलेलं देणं, घेणं आणि परत करणं, यांपैकी माझ्या आईकडे देणं तेवढं उरलं होतं, तेही दुसऱ्याच्या हातानं. असं कितीतरी घरांत होतं. ज्या बाईची ट्रंक, तिचाच पदर मोकळा.

आई २००८ साली गेली. भावाच्या फ्लॅटमध्ये ट्रंकेला जागा नव्हती, म्हणून ती सांगलीला माझ्याकडे विश्रामबागेत आली. आतले खण बरेचसे तसेच होते, चिठ्ठ्यांसकट. मी थोडीफार भर घालत राहिले.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना त्या आठवड्याविषयी वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा 'तेव्हा आलं होतं तिथपर्यंतच येईल' म्हणून थांबली आणि अडकली. त्या २००५ च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं गेली होती. वर्षानुवर्षं हळद जपणारी ती जमिनीतली कोठारं. साठवण म्हणजे काय हे या गावाला शिकवण्याची खरं तर गरज नाही. २०१९ ला आमच्या गावभागातल्या चुलत दिरांच्या घरात माडीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आलं. बोटीनं निघालेली सात माणसं रात्री आमच्या दारात आली, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी. बाजार बंद, रस्ते बंद.

मी ट्रंक ओढून मधोमध आणली आणि उघडली. जाऊबाईंना साडी, पुतणीला साडी, चुलतसासूबाईंना साडी. दिरांना आणि मुलांना टॉवेल. 'देण्याचे' टॉवेल काय लायकीचे असतात ते त्या रात्री कळलं. एकेकाला तीन-तीन लागले. तळाचं फडकं सोडताना माझा हात क्षणभर थांबला. चुलतसासूबाई म्हणाल्या, "सोड गं. ओल्याला कसलं आलंय शुभ-अशुभ." तेही सोडलं. सकाळपर्यंत टोप्या तेवढ्या उरल्या. पाहुणा कधी येईल सांगता येत नाही म्हणून आईनं भरलेली ती ट्रंक आजवर कधी एका रात्रीत मोकळी झाली नव्हती.

पाणी ओसरल्यावर, नवव्या दिवशी ती मंडळी परत निघाली. चिखल उपसायला जायचं होतं, तरी निघताना मी करंडा आणला. जाऊबाईंची ओटी भरली, पुतणीची भरली. चुलतसासूबाईंसमोर आले. त्यांचे यजमान जाऊन वीस वर्षं झालेली. मी वाकून नमस्कार केला आणि करंडा घेऊन आत गेले. हात पुढे झाला नाही. ज्या ट्रंकेनं त्या रात्री सवाष्ण आणि विधवा असा फरक केला नव्हता, तिच्यापाशी मी दिवसाउजेडी केला.

पुढे मे २०२२ मध्ये हेरवाडची बातमी आली. शिरोळ तालुक्यातलं हे गाव, कोल्हापूर जिल्ह्यात असलं तरी आम्हाला जवळचंच. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या त्या वर्षात हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. पाठोपाठ राज्याच्या ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं मनं बदलतात का, असं त्या वेळी पुष्कळांनी विचारलं. माझ्यापुरतं सांगते. मन आधीच बदललेलं होतं, निमित्त हवं होतं. शेजारच्या गावानं ते दिलं.

२०२३ च्या संक्रांतीनंतर मी चुलतसासूबाईंकडे गेले. कुंकू लावलं, म्हटलं, पदर घ्या. त्या गोंधळल्या. दोन्ही हातांत पदराची टोकं धरून हसायला लागल्या, "कसा धरायचा ते विसरलेच बघ मी." खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. एवढंच. त्यांनी मग फडताळातून एक पुडी काढली आणि माझ्या ओटीत घातली. सांगलीचे बेदाणे होते.

सगळीकडे असंच होतं असं नाही. दुसऱ्या एका नातेवाईक बाईंनी माझा हात धरून मागे सारला, "मला नको गं, माझ्याच्यानं नाही व्हायचं." त्यांना मी आग्रह केला नाही. त्यांच्या हातात एक साडी दिली, ती त्यांनी घेतली.

ट्रंक आता मोडीत गेली. पुराच्या त्या रात्री तिची बिजागरी तुटली ती तुटलीच. कपाटातला एक कप्पा मी त्यासाठी ठेवला आहे. तो भरला की आणायचं थांबायचं. पूर्वी एका माजघरात मावायचं ते आजच्या दोन खोल्यांत मावत नाही, आणि डांबरगोळ्यांत दहा वर्षं राहिलेली साडी घडीवर विरते हे मी आईच्या ट्रंकेतच पाहिलं. लहान मुलांसाठी झबली-टोपडी घेऊन ठेवत नाही, कारण माप कधीच बरोबर येत नाही. चित्रांची पुस्तकं आणि रंगपेट्या ठेवते. खाऊ म्हणून साताऱ्याचे कंदी पेढे कितीही आवडले तरी ते साठवायची वस्तू नव्हे. बेदाण्याची बंद पाकिटं मात्र टिकतात. टोप्या तीन आहेत, त्या पुरतील. पुराच्या धसक्यानं चार बरे, जाड टॉवेल कायम ठेवते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा ते कामाला आलेही. चिठ्ठ्या अजून घालते, आणि देण्याआधी दोनदा चाचपून बघते.

गेल्या आठवड्यात खण आणायला गेले होते. दुकानातला मुलगा नवा होता, पण प्रश्न जुनाच. "काकू, देण्याचे दाखवू का शिवायचे?"

म्हटलं, "द्यायचेच आहेत. पण शिवायचे दाखव."